सव्वीसच्या वरचे नंबर

"आम्ही बाहेर पडतोय," अश्विनी म्हणाली, आणि दत्तात्रेय अण्णांच्या दुकानामागच्या खोलीत चहाचे कप जिथल्या तिथं थांबले.

समोर सहाजण बसले होते. सगळे शाळेच्या यूनिफॉर्मचे दुकानदार. पाच हुबळीतले आणि एक धारवाडचा, सुभाष रोडवरचा संजीव. सातवी अश्विनी मिरजकर. तिचं दुकान जुन्या हुबळीत, वडिलांनी, म्हणजे अप्पांनी काढलेलं, आणि गेली चार वर्षं तीच चालवत होती.

या सातजणांचं मंडळ तीस वर्षांचं. सोलापूरहून माल एकत्र मागवायचा, एकच ट्रक. एका शाळेचा यूनिफॉर्म सातही दुकानांत एकाच भावाला. एकाकडनं घेतला आणि बसला नाही तर दुसऱ्याकडं बदलून मिळणार, तशा पत्र्याच्या पाट्याच होत्या सगळ्यांच्या दारावर. आणि सगळ्यात भारी गोष्ट म्हणजे मागचं दार. एखाद्या मापाचा नंबर आपल्याकडं संपला की दुसऱ्या मेंबरच्या मागच्या दारानं आत शिरायचं, हवा तो नग उचलायचा, आणि खिळ्याला आपल्या रंगाचा दोरा अडकवून निघायचं. बिल नाही, नफा नाही, खरेदी भाव. मिरजकरांचा दोरा पिवळा. महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी सगळ्यांचे दोरे सोडवायचे, तेवढे नग परत द्यायचे, झालं.

नियम एकच कडक होता. सोलापूर सोडून बाहेरचा माल कुणी विकला तर नगामागं पंचेचाळीस रुपये पट्टी. ती मंडळात भरायची. कुणी कुठनं तरी स्वस्त माल आणून बाकीच्यांचं गिऱ्हाईक फोडू नये म्हणून. नियम वाईट नव्हता. अप्पांनीच तो घालायला लावला होता.

अडचण अशी झाली की दोन वर्षांपूर्वी अश्विनीनं हुबळीच्या कडेला, उणकलला एक शेड भाड्यानं घेतली. तळ्याच्या अलीकडं, नवीन घरं उठतायत तिथं. नऊ मशीन, नऊ बायका, आणि त्यांच्यावर जयलक्ष्मीअक्का. तिथं शिवलेल्या पिनाफोरला खाली दोन इंच कापड आत दुमडलेलं, बाजूच्या शिवणीतही चांगलं बोटभर सोडलेलं. पोरगी वाढली की उसवायचं आणि मोठं करायचं. सोलापूरच्या मालात असलं काही नसतं, कापड कडेला कापून मोकळे होतात ते. दुसऱ्याच वर्षी आया दुकानात येऊन "उणकलचा आहे का?" विचारायला लागल्या.

पण मंडळाच्या लेखी उणकल म्हणजे बाहेर. नगामागं साठ रुपये सुटत होते, त्यातले पंचेचाळीस पट्टीत. उरलेल्या पंधरात नऊ बायकांचा पगार निघत नव्हता.

तिनं दोन वर्षं मागितलं, पट्टी माफ करा. अण्णांचं म्हणणं, तुला माफ केली तर उद्या प्रत्येकजण स्वतःची शेड काढेल, सोलापूरचा ट्रक भरणार नाही आणि भाव सगळ्यांनाच चढा लागेल. यातही खोटं काही नव्हतं. आता एकतर शेड बंद करायची, नाहीतर मंडळ सोडायचं. शेड बंद करायची नाही हे तिनं दिवाळीतच ठरवलं होतं.

संजीव म्हणाला, विचार कर बाई, बोललीस ते परत गिळता येणार नाही. बाकीचे अण्णांकडं बघत बसले. अण्णा पासष्टीचे, आवाज कधी न चढवणारे. त्यांनी कप बशीत ठेवला.

"आगली," ते म्हणाले. होऊ दे. "फक्त उद्यापासनं पुढच्या दारानं यायचं, अश्विनी. गिऱ्हाइकासारखं."

तिनं पिशवीतनं पिवळ्या दोऱ्यांची जुडी काढली, टेबलावर ठेवली आणि निघाली. सवयीनं पाय मागच्या दाराकडंच वळले होते. ती थांबली, सगळं दुकान ओलांडून पुढनं बाहेर पडली.

अप्पा दोन दिवस बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी दुकानावरची ती पत्र्याची पाटी उतरवायला स्टूल धरून उभे राहिले. पाटी निघाली आणि खालचा भिंतीचा तुकडा पांढराशिप्पट दिसायला लागला. "रंग मारून घे," एवढंच म्हणाले.

दुकानाच्या वरच्या मजल्यावर श्रीनिधी सर भाड्यानं राहतात. धारवाडच्या एका कॉलेजात इकॉनॉमिक्स शिकवतात, रोज हुबळी-धारवाडच्या चिगरी बसनं ये-जा. त्यांना ही बातमी कळल्यावर एवढा आनंद झाला की खाली येऊन अर्धा तास उभ्यानं बोलले. तुम्ही ब्रिटन केलं अक्का, म्हणाले. तेही असेच युरोपच्या मंडळातनं निघाले. आपला नियम आपण करू, कुणाशी काय भावानं व्यवहार करायचा ते आपण ठरवू. आता त्यांचा स्वतःचा नियम आहे, पण पलीकडं ट्रक न्यायचा तर कागदांची चळत.

अश्विनी बटणांच्या पुड्या बांधत होती. तिनं वर न बघता विचारलं, "मग बुडले का ते?"

"बुडले नाहीत. थोडं थोडं भरतायत, दरवर्षी." सर जिन्याकडं वळले. "आणि नेमकं कशाकशाचं भरायचं, त्यातलं बरंचसं बाहेर पडल्यावर कळलं."

हे शेवटचं वाक्य तिनं नीट ऐकायला पाहिजे होतं. पण कापडाचा ट्रक त्याच दुपारी उणकलला येणार होता.

कापड तिनं इचलकरंजीहून थेट घेतलं. तिच्या पसंतीचं, तिच्या रंगाचं. शेडमध्ये ठाण उलगडलं तेव्हा जयलक्ष्मीअक्कानं गालाला लावून बघितलं आणि मान हलवली. मग मोठा प्रश्न, कुठला नंबर किती कापायचा.

यात अश्विनीला शंकाच नव्हती. मिरजकर म्हणजे लहान नंबर. पोराची पहिली शाळा, पहिला यूनिफॉर्म, तो मिरजकरांकडं, असं जुन्या हुबळीत ठरलेलंच. मंडळातही तशीच वाटणी पडत गेली होती. वीस ते सव्वीस मिरजकरांनी भरपूर ठेवायचे, अठ्ठावीस ते चौतीस अण्णांनी, त्यावरचे आणि पोरांच्या पँट बाकीच्यांनी. तीस वर्षं तिच्या दुकानाच्या फळ्यांवर वीस, बावीस, चोवीस, सव्वीस हेच गठ्ठे होते. तिनं त्या फळ्या डोळ्यांसमोर आणल्या आणि कापायला सांगितलं. लहान नंबर बाराशे. सव्वीसच्या वरचे सगळे मिळून दीडशे.

जयलक्ष्मीअक्का खडू हातात घेऊन तशीच उभी राहिली. "मोठ्या पोरी काय उघड्या जातात काय शाळेला?" तिनं आपल्या कानडी वळणाच्या मराठीत विचारलं.

बायका हसल्या. अश्विनीही हसली. मोठ्या पोरींचं गिऱ्हाईक आपलं नाहीच अक्का, म्हणाली, काप तू.

ती खोटं बोलत नव्हती, तिला तसंच वाटत होतं. हुबळीत नळाला आठ-आठ दिवसांनी पाणी येतं, म्हणून बाया घागर न् घागर मोजतात. मागच्या दारानं येणारं मात्र कधी आटलंच नव्हतं. अठ्ठावीस नंबर पाहिजे? थांबा ताई, आणते. गल्लीतनं धावत जायचं, दोरा अडकवायचा, घेऊन यायचं. शुक्रवारी दोरे किती ते मोजायचे, कुठल्या नंबरचे ते कोण विचारणार? ज्या दुकानात लहानग्याचा यूनिफॉर्म घेतला त्याच दुकानातनं त्याच्या ताईचाही गेला होता, तीस वर्षं. फक्त तो कधी फळीवर बसला नव्हता. आला आणि गेला.

मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात शाळा उघडायच्या आधीची गर्दी सुरू झाली. पहिले दोन दिवस नुसती मजा. वीस नंबर, बावीस नंबर, हातात द्यायला वेळ नाही. उणकलचा माल बघून आया आतलं दुमडलेलं कापड बोटानं चाचपत होत्या आणि एकमेकींना दाखवत होत्या. भाव सोलापूरच्या मालापेक्षा वीस रुपये कमी, कारण पट्टी नव्हती. अप्पा गल्ल्यावर बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला नमस्कार करत होते.

तिसऱ्या दिवशी सकाळी दीडशेतला शेवटचा मोठा नंबर गेला.

मग एक बाई आली, दोन पोरी घेऊन. धाकटीला चोवीस अगदी अंगाच्या मापाचा बसला. थोरलीकडं बोट करून बाई म्हणाली, "हिचा? दोड्डदु इल्लेनरी अक्का?" मोठा नाही का? अश्विनीच्या तोंडातनं सवयीनं निघून गेलं, थांबा ताई, आणते. काउंटरची फळी उचलून ती दोन पावलं गेलीसुद्धा. मग उभी राहिली.

बाईनं चोवीस नंबर घडी करून परत ठेवला. एकाच दुकानातनं दोन्ही घेते म्हणाली, उन्हाचं कुठं फिरू? गेली. त्या दिवसात अशा सतरा जणी गेल्या. मोठा नंबर नाही म्हणून लहानही गेला. लहान नंबर तिच्याकडं ढीगभर पडले होते, आणि तेच हलेनात.

दुपारी ती अण्णांच्या दुकानात गेली. पुढच्या दारानं. रांगेत उभी राहिली. अण्णांनी बघितलं, खुर्ची द्यायला सांगितलं, चहा मागवला. तिनं तीस आणि बत्तीस नंबरचे वीस नग मागितले. अण्णांनी स्वतः काढून दिले आणि बिल केलं, गिऱ्हाइकाच्या भावानं, टॅक्ससकट. रस्त्यावरच्या कुठल्याही माणसाला दिलं असतं तसं. चेहऱ्यावर राग नव्हता, ते जास्त लागलं तिला. ते वीस नग तिनं त्याच भावाला विकले, पदरचं रिक्षाभाडं घालून. दुसऱ्या दिवशी परत गेली. तिसऱ्या दिवशी परत.

चौथ्या दिवशी श्रीनिधी सर आपल्या मुलीला, दीपश्रीला घेऊन खाली आले. सातवीतली पोरगी, बत्तीस नंबर. सर फळ्यांकडं बघत राहिले. ते काहीतरी बोलणार होते, पण तिच्याकडं बघून गप्प बसले. बोलले असते तर बरं झालं असतं, असं वाटलं तिला.

त्याच संध्याकाळी अण्णा तिच्या दुकानात आले. तीस वर्षांत पहिल्यांदा पुढच्या दारानं. अप्पा उठून उभे राहिले, दोघांनी एकमेकांच्या गुडघ्यांची चौकशी केली. मग अण्णा अश्विनीकडं वळले. मंडळात बोलून आलोय, म्हणाले. पट्टी पंचेचाळीसची पंचवीस करतो. तू परत ये. फक्त नऊ मशीनच्या जागी चार ठेव, म्हणजे सोलापूरचा ट्रक भरेल. मागचं दार उद्यापासनं उघडं.

अप्पांनी खाली बघितलं. अश्विनीला ठाऊक होतं त्यांना काय वाटतंय.  हिशेब सोपा होता. हो म्हटलं तर हा सीझन वाचतो, आणि उणकलच्या पाच बायकांना उद्या सकाळी सांगावं लागतं.

अण्णा बोलताना मधेच फळीकडं बघत होते. बावीसच्या गठ्ठ्यांकडं. एकदा, मग परत. तिच्या ध्यानात आलं आणि तिला एकदम सगळं दिसलं. लहान नंबर तीस वर्षं मिरजकरांनी ठेवले होते. बाकी सहाजण कुठनं आणत होते? याच मागच्या दारानं. पिवळ्या दोऱ्यांसारखेच तिच्या खिळ्यावरही निळे, लाल, हिरवे दोरे लटकत असायचे की.

"अण्णा," ती म्हणाली, "तुमच्याकडं बावीस नंबर आहे?"

अण्णांनी चष्मा काढला, पुसला. "सोलापूरला सांगितलाय. येईल आठ दिवसांत."

"शाळा परवा उघडतेय."

"बरं मग?"

"मी परत येत नाही. नऊच्या नऊ मशीन ठेवणार. पण बावीस माझ्याकडं आहे आणि बत्तीस तुमच्याकडं आहे. तुम्ही मला घाऊक भावानं द्या, मी तुम्हाला घाऊक भावानं देते. बिल करून. पुढच्या दारानं."

अण्णा हसले, थोडंसं. "तुझा माल आता बाहेरचा, बाळ. मी घेतला तरी मला मंडळात पट्टी भरावी लागंल. पंचेचाळीस. तुझ्या अप्पाचाच नियम आहे तो."

"मग भरा, नाहीतर आठ दिवस थांबा," ती म्हणाली. "तुमचं तुम्ही ठरवा. माझं मी ठरवलंय."

अण्णांनी अप्पांकडं बघितलं. इतका वेळ खाली घातलेली अप्पांची मान आता वर होती.  अण्णा चपला घालून निघून गेले.

आता मोठे नंबर आणायचे कुठनं? तिनं उणकलला फोन केला. दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसहाला जयलक्ष्मीअक्का आणि आणखी तिघी दोन मशीन टेम्पोत घालून जुन्या हुबळीत हजर. अक्कानं एक सव्वीस नंबर उलटा केला, खालचे दोन इंच सोडले, बाजूची शिवण उसवली, परत टीप मारली आणि इस्त्री फिरवली. अठ्ठावीस. जे पोरगी वाढल्यावर पुढच्या वर्षी करायचं होतं ते आत्ताच केलं. "माझं मी सांगितलं होतं," ती म्हणाली. अश्विनी म्हणाली, हो अक्का, सांगितलं होतं, आता किती ओरडायचं ते जुलैत ओरड. अक्का म्हणाली, जुलैत ओरडायला तुझं दुकान असायला पाहिजे, हात चालव.

अठ्ठावीसचं असं भागलं. त्यावरचं नवंच कापायला लागणार होतं. मशीन दुकानाच्या तोंडाशीच मांडल्या, रस्त्यावरनं दिसतील अशा. पोरीचं माप इथंच घ्यायचं, नाव लिहून चिठ्ठी द्यायची, तीन दिवसांनी या. उणकलला बाकीच्या सहाजणी सकाळपासनं तेच कापत होत्या. गिऱ्हाइकाला ती खरं तेच सांगायची: मोठा नंबर कापायला मी चुकले. थांबलात तर मापाचा मिळेल आणि तीन वर्षं पुरेल. नसेल थांबायचं तर अण्णांकडं तयार आहे, तिथनं घ्या.

अप्पांना ते पटलं नाही. दुकानदार चुकला असं गिऱ्हाइकाला सांगतात होय? ते कुरकुरले. पण बघत होते. निम्म्या जणी अण्णांकडं गेल्या. निम्म्या थांबल्या. थांबणाऱ्यांत दीपश्री होती. तिच्या मापाची टेप अश्विनीनं स्वतः धरली. श्रीनिधी सर वर्गात हे उदाहरण घेऊ का विचारत होते. घ्या, म्हणाली, फक्त नाव घालू नका, आणि बुडाले असंही सांगू नका.

जूनच्या मध्यावर धूळ खाली बसली. जे गेलं ते गेलंच. धारवाडच्या दोन शाळांची गिऱ्हाइकं पूर्ण तुटली, कारण सुभाष रोडला आता बदलून मिळत नव्हतं आणि एवढ्यासाठी हुबळीपर्यंत कोण येणार. सोलापूरचा सामाईक ट्रक नव्हता, म्हणून इचलकरंजीच्या कापडाच्या ट्रकचं भाडं एकटीच्या अंगावर. हा सीझन संपल्यावर अप्पांच्या गुडघ्याचं ऑपरेशन करायचं मागच्या वर्षीच ठरलं होतं. ते पुढं गेलं. हे तिनं अप्पांना सरळ सांगितलं. अप्पा म्हणाले, गुडघा तीस वर्षं दुखतोय, आणखी एक वर्ष थांबंल.

नऊ मशीन चालू होत्या. कुणाला घरी बसवावं लागलं नव्हतं. उणकलच्या मालाचा भाव तीच ठरवत होती, आणि तो कुणाला विचारून नव्हता.

पुढच्या वर्षीसाठी तिनं वही आणली. शाळा सुरू झाल्यावर दर शनिवारी एका शाळेत जायची, मुख्याध्यापकांना भेटून परवानगी काढायची, आणि टेप घेऊन उभी राहायची. पाचवी ते दहावी. पोरी रांगेत यायच्या, खिदळायच्या, श्वास आत घ्यायच्या. ती लिहायची: तीस, तीस, चौतीस, बत्तीस. कुठलाही दोरा हे तिला सांगणार नव्हता. उणकलच्या शाळेत पहिल्याच दिवशी एकशे चाळीस पोरी झाल्या, आणि त्यातल्या शंभरावर सव्वीसच्या वरच्या निघाल्या. ती आकडा बघत जिन्यात बसून राहिली. मग पुढच्या वर्गात गेली.

जुलैच्या पहिल्या शुक्रवारी सकाळी अण्णांच्या दुकानातनं फोन आला. उशिरा येणारी पोरं, बालवाडीचा नवा वर्ग. सोलापूरचा लहान नंबर अजून आला नव्हता. बावीस आणि चोवीस, चार-चार डझन. पट्टी आम्ही भरतो, बिल पाठव, असं पलीकडचा माणूस म्हणाला. अश्विनी गठ्ठे बांधायला लागली तर अप्पांनी छत्री घेतली. मीच जातो, म्हणाले. रिक्षा कर.

अश्विनी बरोबर गेली, गठ्ठे उतरवायला. रिक्षा गल्लीच्या तोंडाशी थांबली. अप्पा उतरले आणि डावीकडच्या बोळात शिरले, तीस वर्षं शिरत आले तसे. बोळाच्या टोकाला अण्णांचं मागचं दार. अर्धं उघडं होतं. आत खिळ्यांवर रंगीत दोरे लटकत होते, पहिल्या शुक्रवारचे, अजून न सोडवलेले. अप्पा दारापर्यंत गेले. कडीला हात लागला होता.

अश्विनीनं हाक मारली नाही.

अप्पा थोडा वेळ उभे राहिले. मग हात काढला, छत्री टेकत टेकत सबंध बोळ परत आले, तिच्या हातातला एक गठ्ठा ओढून स्वतःच्या काखेत घेतला आणि पुढच्या दाराच्या तीन पायऱ्या एकेक करत चढले. गिऱ्हाइकांची रांग होती. ते रांगेत उभे राहिले.

अण्णांनी त्यांना बघितलं आणि काउंटरमागनं अर्धे उठले. "तुका, आत ये की," ते अप्पांना म्हणाले.

"आलोय की आत," अप्पा म्हणाले. त्यांनी गठ्ठा काउंटरवर ठेवला आणि खिशातनं घडी घातलेला कागद काढला. "बावीस चार डझन, चोवीस चार डझन. हे बिल. आणि बत्तीस नंबर असतील तर दोन डझन काढ, पोरीला पाहिजेत. बिल करून."